अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीवर मे महिन्यात स्मॉलमाउथ बास (गोड्या पाण्यातला मासा) पकडायला जाता येतं का, आणि मासा घरी नेता येतो का?

जाता येतं, नेता येत नाही. मेरीलँड राज्यात भरतीचं पाणी पोहोचत नाही त्या पट्ट्यांत १ मार्च ते १५ जून बास लागला की लगेच सोडायचा, नियमच आहे. पण "घरी नेता येतो का" वाचलं आणि राहवलं नाही, कारण यावरून माझं आणि मेहुण्याचं चांगलंच वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

आम्ही दोघंही मालवणकडचे, मासे खाऊन वाढलेलो. मे मध्ये तो आमच्याकडे आला होता, त्याला या नदीकाठच्या ब्रन्सविक गावी नेलं. पाणी स्वच्छ, गुडघाभर, नदीत आडव्या कातळाच्या रांगा. स्मॉलमाउथ भर धारेत थांबत नाही, कातळाच्या आडोशाला जिथे पाणी मंदावतं तिथे धारेकडे तोंड करून असतो आणि वाहत येणारा क्रेफिश (गोड्या पाण्यातला, शेवंडीसारखा छोटा जीव) उचलतो. म्हणून तपकिरी-हिरवी ट्यूब (गळाला लावायचं मऊ प्लास्टिकचं खोटं आमिष) वरच्या अंगाला टाकायची आणि तळाला ठेचकाळत खाली येऊ द्यायची. दोरी जरा आडवी सरकली की ओढा, मोठ्या झटक्याची वाट बघत बसलात तर तो थुंकून गेलेला असतो.

मेहुणा मात्र काठच्या उथळ पाण्यात गेला. तिथे खड्यांमध्ये परातीएवढी गोल जागा झाडून लख्ख केलेली होती आणि तिच्यावर एक नर उभा. बासची मादी अंडी घालून निघून जाते, जागा झाडणं आणि पिल्लं पांगेपर्यंत राखण हे सगळं नराचं काम, जवळ येईल त्याच्यावर तो धावून जातो, भूक म्हणून नाही तर हाकलायला. त्यामुळे असा नर पकडणं यात काही कौशल्य नाही. लगेच लागला, लालभडक डोळा, काशाच्या रंगाच्या अंगावर उभे पट्टे. मेहुणा म्हणाला कूलर आण, म्हणजे मासे ठेवायची बर्फाची पेटी. मी म्हटलं सोड, आत्ता, इथेच. तो फोटो काढत होता तेवढ्यात तीन-चार ब्लूगिल (छोटे मासे) त्या रिकाम्या जागेत घुसून अंडी टिपायला लागलेसुद्धा, मी उभ्या उभ्या बघत होतो.

सोडला त्याने, पण परतताना गाडीत सुरू झाला. सोडायचा तर पकडायचा कशाला, आणि आपण गावाला चढणीचे मासे खायचो ते गाबोळीवालेच होते ना? होते. पहिल्या पावसात ओहोळातून वर चढणारे मासे लोक टोपल्या भरून आणायचे. आता जून मध्ये गावाला जाऊन एक टोपली भरून दाखव म्हटलं. वाळूउपसा, बंधारे, कारणं बरीच आहेत, पण अंड्यावर आलेला मासा मारणं हे त्यातलंच एक. ज्या किनाऱ्यावर परंपरेने नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात घालत नाहीत तिथल्या माणसाला हे मी समजवायचं?

मग म्हणे हा मासा इथला नाहीच, १८५४ मध्ये रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून याच नदीवरच्या कंबरलंड गावी आणून सोडलाय. खरं आहे. आणि तेवढ्याशा माशांपासून अख्खी नदी भरली ती नरांनी घरटी राखली म्हणूनच. यावर तो गप्प बसला, पण पटलंय असं अजून म्हणत नाही.

हां, १६ जूनपासून ठरावीक मापाचे ५ नेता येतात, पण काही पट्ट्यांत बारा महिने सोडावाच लागतो आणि नियम बदलतात, तेव्हा राज्याची साइट बघूनच जा. लायसन लागतंच. निघण्याआधी पॉइंट ऑफ रॉक्स या ठिकाणच्या गेजवर (पाण्याची पातळी मोजणाऱ्या केंद्रावर) पाणी बघा, चढतं किंवा गढूळ असेल तर उतरू नका, आणि लाइफ जॅकेट घाला, या नदीत माणसं बुडतात. मासा ओल्या हातानेच धरा. घरट्यावरचा दिसला तर तिथे ट्यूब टाकूच नका, सोडणार असलात तरी.

खायचाच असेल तर खाली भरतीच्या पाण्यात ब्लू कॅटफिश पकडा. तो इथे उपद्रवी ठरलाय, कितीही न्या. फक्त लहान बघून न्या, मोठ्यांबद्दल राज्याचा खाण्याचा सल्ला वेगळा आहे. आगळ आणि मालवणी मसाला लावून तळला की मस्त लागतो, मेहुण्याने दोनदा मागून घेतला.