खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलेला बचावपटू मोठा मॅनेजर होऊ शकतो का? शॉन डाइश यांचं उदाहरण कितपत खरं?

होय, होऊ शकतो. खरं तर एवढंच लिहून थांबणार होतो. पण प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे : "जो स्वतः कधी प्रीमियर लीग खेळला नाही, तो तिथल्या खेळाडूंना काय डोंबल शिकवणार?" ती वाचली आणि जेवणाचं ताट बाजूला सारून टाइप करायला बसलो. कारण हे वाक्य अगदी 'डोंबल'सकट मी 2012 च्या ऑक्टोबरात ऐकलंय. इंग्लंडमधल्या ॲक्रिंग्टन गावातल्या भाड्याच्या घरात, कांदा चिरताना.

मी कोल्हापूरचा. पेठेच्या टीममध्ये आठ वर्षं स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळलो. गोल किती, विचारू नका. कंपनीच्या प्रोजेक्टवर लँकेशायरला गेलो तेव्हा रूममेट मिळाला पुण्याचा. ॲक्रिंग्टनच्या एका अंगाला ब्लॅकबर्न, दुसऱ्या अंगाला बर्नली. दोन गावांमध्ये पंधरा-सतरा किलोमीटरचं अंतर आणि शंभर वर्षांहून जुनं वैर. आमचा पुणेकर पहिल्या आठवड्यातच ब्लॅकबर्नचा झाला. कारण काय, तर 2010 च्या नोव्हेंबरात तो क्लब पुण्याच्या वेंकीजनं विकत घेतलेला. "मालक आपले, म्हणजे टीम आपली." एवढ्या तर्कावर हा माणूस निळा-पांढरा मफलर घालून ऑफिसला जायचा. 2012 च्या मे महिन्यात टीम प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधून, खाली आली होती. तिथल्याच एका मॅचला चिडलेल्या कुणी तरी मैदानात चक्क कोंबडी सोडली होती. पण त्याचं प्रेम काही ढळलं नाही. मग मी बर्नलीचा झालो. घरात दोघंच होतो, कुणी तरी व्हायलाच हवं होतं.

आता नीट ऐका, कारण असा योग क्वचित जुळतो. 30 ऑक्टोबर 2012 ला बर्नलीनं शॉन डाइशला मॅनेजर नेमलं. दुसऱ्याच दिवशी ब्लॅकबर्ननं हेनिंग बर्गला नेमलं. दोघंही बचावपटू. बर्ग म्हणजे 1995 ला ब्लॅकबर्नबरोबर प्रीमियर लीग जिंकलेला, नंतर मँचेस्टर युनायटेडकडूनही जिंकलेला, नॉर्वेसाठी 100 सामने खेळलेला माणूस. आणि डाइश? केटरिंगचा पोरगा. नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये नावाजलेला मॅनेजर ब्रायन क्लफच्या हाताखाली उमेदवारी केली, पण पहिल्या टीममध्ये एकदाही उतरला नाही. 1990 ला चेस्टरफील्डला गेला, तिथं सात वर्षं काढली. मग ब्रिस्टल सिटी, मिलवॉल, वॉटफर्ड, नॉर्थॅम्प्टन. वरच्या डिव्हिजनमध्ये खेळाडू म्हणून एक मिनिटही नाही.

पुणेकर हसून हसून लोळला. "एकाकडे मेडल्स, दुसऱ्याकडे चेस्टरफील्ड! हा काय डोंबल शिकवणार?" इथवर ठीक होतं. पुढे म्हणाला, "हा म्हणजे तुझ्यासारखा. पेठेत खेळून कोच."

त्याचं असं होतं की त्या दिवसांत मी तिथल्या एका छोट्या क्लबच्या नऊ वर्षांखालच्या पोरांना शनिवारी सकाळी शिकवायला जायचो. पैसे नाहीत, नुसता चहा. पावसात कोन मांडायचे, बिब्स गोळा करायचे, कुणाच्या बुटाची नाडी बांधायची. त्या पोरांना मी कुठे खेळलो याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ह्याला मात्र होतं. म्हणून पैज लावली : पुढची बर्नली-ब्लॅकबर्न डर्बी, म्हणजे शेजाऱ्यांची मॅच, जो हरेल, त्यानं पांढरा रस्सा करायचा. मटणापासून सगळं एकट्यानं.

त्या रात्री झोप येईना म्हणून डाइशची जुनी मॅच शोधून पाहिली. तुम्हीही पाहा, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल. 13 एप्रिल 1997, ओल्ड ट्रॅफर्ड, एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेची सेमीफायनल. चेस्टरफील्ड तिसऱ्या पायरीवरचा क्लब. समोर प्रीमियर लीगमधली मिडल्सब्रो, म्हणजे ज्युनिन्यो, रावानेली वगैरे बडी मंडळी. चेस्टरफील्ड 1-0 नं पुढे आणि पेनल्टी मिळते. मारायला कोण येतो? कॅप्टन. स्टॉपर. ज्यानं चेस्टरफील्डच्या सात वर्षांत लीगमध्ये जेमतेम आठ गोल केलेत तो. बॉल जाळ्यात, 2-0. त्यानंतर चेस्टरफील्डच्याच जोनाथन हॉवर्डचा फटका क्रॉसबारला लागून रेषेच्या आत पडला, पण रेफ्रीनं गोल दिला नाही. दिला असता तर तिसऱ्या पायरीवरून फायनल गाठणारी ती पहिली टीम ठरण्याची पुरेपूर शक्यता होती. मिडल्सब्रोनं बरोबरी केली, जादा वेळेत आघाडीही घेतली आणि अगदी अखेरीस चेस्टरफील्डनं 3-3 केलं. नंतर पुन्हा खेळवलेली मॅच चेस्टरफील्ड 3-0 नं हरली. त्या गोलबद्दल चेस्टरफील्डची म्हातारी माणसं आजही चहा गार होईपर्यंत बोलतात.

खेळाडू म्हणून डाइशची खरी कमाई वेगळीच आहे. चेस्टरफील्ड 1995, ब्रिस्टल सिटी 1998, मिलवॉल 2001, नॉर्थॅम्प्टन 2006. चार वेगवेगळ्या क्लबांबरोबर चार वेळा वरच्या डिव्हिजनमध्ये चढलेला माणूस आहे हा. चढणारी टीम आतून कशी असते, जानेवारीच्या चिखलात कोण पाय काढून घेतं, कोण पुढे करतं, हे त्याला मेडलवाल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. माझं मत विचाराल तर मॅनेजरकीचं अर्धं शिक्षण तिथंच झालं.

आता डर्बीकडे. 2 डिसेंबर 2012, बर्नलीचं मैदान टर्फ मूर. जॉर्डन ऱ्होड्सनं ब्लॅकबर्नला पुढे नेलं. पुणेकर सोफ्यावर उभा. 89 व्या मिनिटाला सॅम व्होक्सनं बरोबरी केली. 1-1. पैज पुढच्या मॅचवर. पण पुढच्या मॅचपर्यंत बर्ग राहिलाच नाही. दहा सामने, एक विजय आणि 57 दिवसांत घरी. 17 मार्च 2013, ब्लॅकबर्नचं मैदान ईवुड पार्क. या वेळी बर्नली पुढे, मी ताटल्या वाजवतोय, आणि नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर त्यांच्या डेव्हिड डननं गोल केला. 1-1. तोवर त्यांचा अजून एक मॅनेजर येऊन जायच्या बेतात होता. 14 सप्टेंबर 2013, पुन्हा टर्फ मूर. काय सांगू, पुन्हा 1-1. तीन डर्बी, तीन बरोबऱ्या, आणि रश्शाचा पत्ता नाही.

त्या हंगामाची गंमत अशी की बर्नलीनं सुरुवातीलाच चार्ली ऑस्टिन हा आपला गोल करणारा खेळाडू विकला होता. बदली कुणी आणला नाही. फुकटात आलेला गोलकीपर टॉम हीटन, फुकटात आलेले हाफ, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू, आणि पुढे गोल करायला डॅनी इंग्ज आणि व्होक्स. स्टॉपरमध्ये शॅकेलबरोबर मायकेल डफ. हा डफ तर इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या आठही पायऱ्यांवर खेळलेला गडी. तो पुढे स्वतः मॅनेजर झाला आणि 2021 ला चेल्टनहॅमला लीग टू, म्हणजे चौथी पायरी, जिंकून दिली. त्याच्याबद्दल प्रश्न विचारा कधी तरी.

मी टर्फ मूरला जायचो तेव्हा बॉलकडे कमी आणि या मागच्या चौघांकडे जास्त बघायचो, जुनी खोड. डाइशची टीम म्हणजे 4-4-2, चौघांच्या दोन ओळी, मध्ये अंतर इतकं कमी की पोस्टमनलाही वाट मिळू नये. एक पुढे गेला की तिघं आत सरकणार. समोरच्याला बाजूनं बॉल टाकायचा तर टाकू दे, आत आपली डोकी आहेत. लोक याला रटाळ म्हणतात. ज्यांनी चिखलात नव्वद मिनिटं ओळ धरलेली नाही त्यांना ते रटाळच वाटणार.

9 मार्च 2014, रविवार, ईवुड पार्क. ऱ्होड्सनं पुन्हा पहिला गोल मारला. पुणेकरानं मला ऐकू जाईल अशा बेतानं घरी फोन करून आईला स्कोअर सांगितला. हाफ टाइम झाला. पाऊस. मी गप्प. शेवटच्या वीस मिनिटांत शॅकेलनं बरोबरी केली. लक्षात घ्या, शॅकेल म्हणजे कॅप्टन आणि स्टॉपर. सहा मिनिटांनी इंग्जचा गोल. 2-1. बर्नलीनं ब्लॅकबर्नला 35 वर्षांनी हरवलं होतं. शेजारच्या घरातून जो आवाज आला तो मी शाहू स्टेडियमवर सोडला तर कुठं ऐकलेला नाही. एप्रिलमध्ये बर्नली प्रीमियर लीगमध्ये गेली. 93 पॉइंट्स. नव्वद हजारांच्या आत वस्ती असलेलं गाव.

पुढचं पटकन सांगतो. 2015 ला खाली आले. क्लबनं डाइशला काढलं नाही. 2016 ला सलग 23 सामने न हरता डिव्हिजन जिंकून परत वर. 2017-18 ला सातवे, 54 पॉइंट्स. मारलेले गोल 36, खाल्लेले 39. म्हणजे मारले त्यापेक्षा जास्त खाऊन सातवे! युरोपा लीगची पात्रता मिळाली आणि गावातल्या एका पबनं नाव बदलून 'रॉयल डाइश' ठेवलं. नंतर एव्हर्टनला गेला, पहिल्याच मॅचला अव्वल असलेल्या आर्सेनलला 1-0 नं हरवलं. पुढच्या हंगामात एकूण आठ पॉइंट्स कापले गेले तरी टीम टिकवली.

आता तुमच्या त्या ओळीतलं 'काय शिकवणार'. तर, खेळणं संपल्यावर तो वॉटफर्डमध्ये 2007 पासून पोरांना शिकवत होता. मग मॅल्की मॅकेचा सहायक, मग 2011 ला मॅनेजर. अकरावा आला. मालक बदलले, त्यांनी त्याला काढून जियानफ्रँको झोलाला आणलं. झोला! काय खेळाडू! आणि 2013-14 मध्ये डाइश वर चढत असताना डिसेंबरात झोलानं राजीनामा दिला. हे मी पुणेकराला किती वेळा ऐकवलंय याची गणती नाही. सांगायचा मुद्दा, पोरांची टीम, मग दोन नंबर, मग एक नंबर, ही पायरी त्यानं चुकवली नाही. ज्याला पाय आपोआप चालायचे त्याला शब्दांत सांगावं लागत नाही, म्हणून सांगता येत नाही. स्टॉपरला मॅचभर ओरडून सांगावंच लागतं : डावीकडे सरक, मागे माणूस आहे, वर ये. तीच सवय पुढे उपयोगी पडते.

बरं, आता प्रामाणिकपणे दोन-तीन गोष्टी, नाही तर पुणेकर खाली कॉमेंटमध्ये येऊन लिहीलच. झोलाचा पहिला हंगाम उत्तम होता, वॉटफर्ड वर चढण्यासाठीच्या प्ले-ऑफच्या फायनलपर्यंत गेली होती. ब्लॅकबर्ननं 1995 ला प्रीमियर लीग जिंकली तेव्हा मॅनेजर केनी डॅल्ग्लिश होता, आणि त्याच्याएवढा मोठा खेळाडू शोधून सापडणार नाही. डाइशलाही 2022 च्या एप्रिलमध्ये बर्नलीनं काढलंच, आणि टीम त्याच हंगामात खाली गेली. आणि एका डाइशमागे खालच्या डिव्हिजनमधले शेकडो स्टॉपर आहेत जे आज टॅक्सी चालवतात किंवा, माझ्यासारखे, सर्व्हर सांभाळतात. बचावपटू म्हटला की लाँग बॉलच मारणार, असंही नाही. ख्रिस वाइल्डर राइट-बॅक होता, आल्फ्रेटनपासून सुरुवात करून शेफील्ड युनायटेडला प्रीमियर लीगमध्ये घेऊन गेला आणि त्याचे स्टॉपर तर फॉरवर्डच्या पुढे पळायचे.

तुम्ही कॉलेजच्या टीममध्ये डिफेन्सला खेळता आणि कोचिंगचा विचार करताय, असं लिहिलंय. करा. कोर्स करा, पण आधी बारा वर्षांखालची एक टीम घ्या आणि एक पावसाळा काढा. कुणी विचारलं "तुम्ही कुठे खेळलात?" तर खरं काय ते सांगा आणि कोन मांडायला लागा. आणि रूममेट निवडताना गाव विचारून घ्या.

राहिला रस्सा. त्यानं केला, नाही म्हणत नाही. त्याच रविवारी रात्री केला. पण त्यात हळद घातली. पांढऱ्या रश्श्यात हळद! पिवळाधमक झाला. तेव्हापासून तो म्हणतो पैज फेडली आणि मी म्हणतो फेडलेली नाही. सध्या हिंजवडीत असतो आणि ही साइट रोज वाचतो. वाचत असशील तर ऐक : नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. हळद नाही. पुढच्या महिन्यात येतोय.