प्रश्न तुमचे, उत्तर आमचं: कोरोनात गेलेली माणसं आणि मतांचं गणित

प्रश्न: राम राम. माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तो म्हणतो तिकडं लस न घेणारे एकाच पार्टीचे लोक जास्त मेले, त्यानं निवडणूक फिरू शकते. खरंय का? आन् आपल्या बीडला २०२४ ला खासदारकीचा निकाल ६,५५३ मतांवर लागला, तिथं कोरोनात गेलेल्यांचा काही हिशोब धरायचा का?
(एक वाचक, परळी)

उत्तर: राम राम. पुतण्या अर्धं बरोबर बोलला. तिकडं लस घ्यायची का नाही हे खरंच पार्टी बघून ठरायला लागलं होतं. येल विद्यापीठाच्या लोकांनी ओहायो आणि फ्लोरिडातल्या मतदार नोंदणीवरून अभ्यास केला, तर लस सगळ्यांना मिळायला लागल्यावर रिपब्लिकन म्हणून नोंद असलेल्यांमध्ये जादा मृत्यूंचं (म्हणजे नेहमीच्या वर्षांपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचं) प्रमाण डेमोक्रॅटांपेक्षा बरंच वर गेलं, त्याआधी एवढा फरक नव्हता. (आपल्याकडं कोण कुणाचा हे अख्ख्या गावाला माहीत असतं, फक्त यादीत लिहिलेलं नसतं, त्यामुळं असला अभ्यास इथं व्हायचा नाही.)

आता मतांचं बघू. तिकडं कोरोनानं ११ लाखांच्या वर माणसं गेली आणि २०२० ला मतदान केलं होतं साडेपंधरा कोटींवर लोकांनी. समजा गेलेले सगळेच मतदान करणारे होते आणि त्यातले शंभरात ५५ एका पार्टीचे, ४५ दुसऱ्या, तर नुसता फरक राहतो शंभरामागं १० चा, म्हणजे देशभरात लाख-सव्वालाख, तोही ५० राज्यांत वाटला गेलेला. ॲरिझोनात २०२० ला बायडन १०,४५७ मतांनी पुढं होते, तेवढ्या मतांचा फरक एकट्या यानं पडत नाही. पण त्याच राज्यात २०२२ ला ॲटर्नी जनरलच्या (राज्याचा मुख्य सरकारी वकील, तिकडं तोही मतदानानं निवडतात) निवडणुकीचा निकाल फेरमोजणीनंतर २८० मतांवर आला, तिथं मात्र छातीठोक कुणी सांगू नये. आणि २०२४ ला रिपब्लिकन पार्टीचे ट्रम्प परत आलेच की, मेलेल्यांची मतं गेली म्हणून कुठं अडलं?

बीडचं म्हणाल तर तिथं हा हिशोब सुरूच होत नाही, कारण आपल्याकडं कुठल्या मोठ्या पार्टीनं लस घेऊ नका असं सांगितलंच नाही, गेलेली माणसं सगळ्याच पार्ट्यांची होती. राहिला जिवंत माणसांचा राग. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईला एका ॲम्ब्युलन्समधून २२ मृतदेह नेले तेव्हा सगळा जिल्हा हादरला होता, पण तीन वर्षांनी प्रचारात विषय कुठले, तर आरक्षण, सोयाबीनचा भाव, कापूस. तिकडं उत्तर प्रदेशात गंगेत प्रेतं वाहताना सगळ्या देशानं पाहिलं आणि २०२२ ला भाजपनं ४०३ पैकी २५५ जागा घेतल्या. मला तर वाटतं लोक विसरले नाहीत, पण मत द्यायच्या वेळी दोष कुणाच्या नावावर टाकायचा हेच ठरत नाही, डॉक्टर का कलेक्टर का राज्य का दिल्ली.

सहानुभूतीचंही तसंच. देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर कोरोनानं गेले, ऑक्टोबर २०२१ च्या पोटनिवडणुकीत त्यांचा मुलगा ४१ हजारांहून जास्त मतांनी आला. पण पंढरपूरला आमदार भारत भालके कोरोनानंतरच्या त्रासानं गेले होते, तिथं मुलगा ३,७३३ मतांनी पडला.

खरा फरक पडलाच तर ग्रामपंचायतीच्या वॉर्डात, जिथं दोन-चार मतांवर सीट जाते नाहीतर चिठ्ठी टाकावी लागते. एका घरातली तिघं गेली तर पॅनल पडू शकतं. पण तिथंसुद्धा पुण्याहून गाड्या करून आणलेली मतं ती कसर भरून काढतात, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

प्रश्न: संभाजीनगरात लस नाही तर पेट्रोल नाही, रेशन नाही असं केलं होतं. त्याचा राग मतपेटीत निघाला का?
(एक वाचक, पैठण)

उत्तर: तो नोव्हेंबर २०२१ चा आदेश. तेव्हा जिल्ह्यात पहिला डोस घेतलेले ५५ टक्क्यांच्या आसपास होते, राज्याच्या बरेच मागं. पण न घेणाऱ्यांची कारणं बघा ना, मूलबाळ होणार नाही ही अफवा, ताप आला तर दोन दिवसाची मजुरी बुडते, ऊसतोडीला निघायची घाई. यात पार्टी कुठंय? आणि आदेश कलेक्टरांचा, ते काय निवडणुकीला उभे राहत नाहीत, त्यामुळं पंपावर शिव्या देऊन लोक मोकळे झाले. शिवाय महापालिकेची मुदत एप्रिल २०२० लाच संपलेली, निवडणूक आधी कोरोनानं आणि मग ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकेसमुळं लांबत गेली. राग काढायला त्या वेळी मतपेटी होतीच कुठं?

प्रश्न: वडील २०२१ ला कोरोनात गेले, मतदार यादीत नाव अजून आहे. त्यांच्या नावावर कुणी मत टाकलं तर?
(एक वाचक, औसा)

उत्तर: फॉर्म नंबर ७ भरा, सोबत मृत्यू दाखल्याची झेरॉक्स लावा आणि तुमच्या भागातल्या बीएलओकडं (बूथ लेव्हल ऑफिसर, मतदार यादीचं काम बघणारा) द्या, बऱ्याच गावांत अंगणवाडीताई नाहीतर शाळेचे गुरुजीच बीएलओ असतात. ऑनलाइनही भरता येतो. पोच घ्यायला विसरू नका, आणि पुढची यादी लागली की नाव निघालं का ते स्वतः बघा. नसेल निघालं तर मतदानाच्या दिवशी तुमच्या पोलिंग एजंटला आधीच सांगून ठेवा, त्या नावावर कुणी आलं तर तो जागेवर हरकत घेऊ शकतो.