बायकोला थायरॉईड, ॲडिसन आणि शुगर तिन्ही निघालंय, आयुष्य नॉर्मल राहतं का?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. बायको ३१ वर्षांची, आधी थायरॉईड, मग ॲडिसन, आता शुगर पण वाढली आणि डॉक्टरांनी फाईलवर ऑटोइम्यून पॉलिग्लँड्युलर सिंड्रोम टाईप २ असं लिहून दिलं. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्यात, नॉर्मल जगता येतं का, मूल होऊ शकतं का, आणि चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायचं ते कायमचं बंद का. मला हे तिन्ही आहे. मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली, शाळेत क्लार्क आहे, घरी केळीची शेती. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोसचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, पण रोजचं कसं चालतं ते मी नक्की सांगू शकते.

तर रोजचा दिवस सोपा असतो, खरं सांगायचं तर कंटाळवाणा असतो. गोळ्या वेळेवर, इन्सुलिन वेळेवर, झालं. अवघड असतो तो उलटीचा दिवस. त्या दिवशी घरातल्यांना काय करायचं हे माहीत असलं की बाकी सगळं निभतं, म्हणून मी त्यावरच जास्त लिहिणार आहे.

आधी हे होतं काय ते. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथींवर उलटते, एकीवर नाही तर दोन-तीन ग्रंथींवर, आणि एकाच वेळी नाही, मध्ये वर्षं जाऊ शकतात. टाईप २ मध्ये मुख्य म्हणजे किडनीच्या वर बसलेली ॲड्रिनल ग्रंथी, ती बंद पडते त्यालाच ॲडिसन म्हणतात, तिच्यासोबत थायरॉईड किंवा टाईप १ डायबिटीस किंवा दोन्ही. बायकांमध्ये जास्त, आणि बहुतेक विशी ते चाळिशीत. या सिंड्रोमचा टाईप १ हा लहान मुलांचा वेगळा प्रकार आहे, त्यात एकच जीन बिघडलेली असते, तोंडात फंगस आणि कॅल्शियम कमी वगैरे, तुमचा त्याच्याशी संबंध नाही, नेटवर वाचून घाबरू नका. थॉमस ॲडिसन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८५५ मध्ये ॲड्रिनलचा आजार लिहून ठेवला, १९२६ मध्ये श्मिट नावाच्या डॉक्टरने थायरॉईड आणि ॲड्रिनल दोन्ही एकत्र खराब झालेले पेशंट दाखवले, पण औषध यायला १९५० च्या आसपासचा काळ उजाडला, तोवर फारसे लोक वाचत नव्हते. आता वाचतात आणि नोकऱ्या करतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना ॲडिसन होता, १९४७ मध्ये निदान झालं, थायरॉईड पण कमी होतं, आणि तरी ते राष्ट्राध्यक्ष झाले. माझ्या नवऱ्याने हे कुठेतरी वाचलं तेव्हापासून मी कुठलंही काम टाळलं की तो मला केनेडीचं नाव ऐकवतो.

माझं कळायला फार उशीर झाला कारण आपल्याकडे उन्हाळ्यात सगळेच थकलेले असतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला जातो, तिथे कोणी बाई म्हणाली मला उठवत नाही तर कोण लक्ष देणार. रंग काळवंडला तर ऊन लागलं म्हणे. सासूबाई म्हणायच्या "हिले नजर लागनी". मी लोणच्याचा खार बोटाने चाटायचे, कैरीवर मीठ थापून खायचे, शेवभाजीत वरून मीठ घ्यायचे, सगळे हसायचे. टीएसएच म्हणजे थायरॉईडच्या रिपोर्टातला आकडा वाढलेला आला म्हणून थायरॉईडची गोळी सुरू झाली आणि मी त्यानंतर आणखीच खाली गेले, शेवटी उलट्या थांबेनात, बीपी ८० च्या वर येईना, सोडियम ११६ म्हणजे फारच कमी, पोटॅशियम ६ च्या वर म्हणजे जास्त. ज्या दवाखान्यात होते तिथे दोन दिवस उन्हाळी गॅस्ट्रो म्हणून सलाईन चालू होतं. मग एका तरुण एमडी डॉक्टरने माझे तळहात उलटे करून बघितले, रेषा काळ्या, हिरड्या काळ्या, आणि म्हणाला सकाळी ८ चं कॉर्टिसोल पाठवा, म्हणजे ॲड्रिनल बनवते त्या हार्मोनची टेस्ट. तिथून गाडी रुळावर आली.

गोळी घेऊन मी खाली का गेले ते तुम्हाला माहीत पाहिजे. थायरॉक्सिन सुरू झालं की शरीर आहे ते कॉर्टिसोल पण लवकर संपवतं. ॲड्रिनल आधीच रिकामी असेल तर माणूस थेट क्रायसिसमध्ये, म्हणजे बीपी पडून जीव धोक्यात, जाऊ शकतो. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलच्या जागी घ्यायची स्टेरॉईडची गोळी, मग थायरॉईडची गोळी, हा क्रम. आणि कॉर्टिसोल कमी असताना टीएसएच नुसता थोडा वाढलेला दिसू शकतो, स्टेरॉईड सुरू झाल्यावर कधी कधी आपोआप खाली पण येतो. बायकोचा थायरॉईडचा डोस ॲडिसन कळायच्या आधी ठरलेला असेल तर पुढच्या व्हिजिटला तो परत बघायला सांगा. अजून एक, आपल्याकडे ॲडिसन म्हटलं की टीबी आहे का ते बघतात कारण टीबी पण ही ग्रंथी खातो, त्यासाठी पोटाचा सीटी आणि अँटीबॉडीची टेस्ट करतात. तुमची झाली नसेल तर विचारा. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन हायड्रोकॉर्टिसोन लवकर उडवतं, त्यामुळे पुढे कधी ते घ्यायची वेळ आली तर स्टेरॉईडचा डोस वाढवावा लागतो, हे डॉक्टरला आठवण करून द्यायचं.

आता माझा दिवस. उठल्या उठल्या हायड्रोकॉर्टिसोन १० मिलिग्रॅम, थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, अर्धा-पाऊण तासाने चहा. दुपारी ५, संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास ५, त्यानंतर नाही, रात्री घेतली की झोप उडते. मोठ्या माणसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम दिवसाला लागतं. फ्लुड्रोकॉर्टिसोन सकाळी एक, ही मिठाची गोळी समजा, शरीरातलं सोडियम धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर काढते. हिच्यामुळे मला केळी परत मिळाली. ॲडमिट होते तेव्हा पोटॅशियम वाढलंय म्हणून केळी बंद केली होती, आमच्या घरात दारासमोर घडांचे ढीग आणि सुनेला केळी बंद. आता रिपोर्ट बरे आहेत, शुगर बघून अर्धं खाते. उन्हाळ्यात घामातून मीठ जातं म्हणून माझे डॉक्टर एप्रिल-मेमध्ये फ्लुड्रोकॉर्टिसोन थोडं वाढवतात आणि ताक-मीठ मोकळ्या हाताने घ्यायला सांगतात. बाकी जगाला मीठ कमी करा आणि आम्हाला वाढवा. ही गोळी छोट्या गावात पटकन मिळत नाही, मेडिकलवाला उद्या आणतो म्हणतो आणि तो उद्या आठवड्याने येतो, तर पट्टी संपायच्या महिनाभर आधीच जळगावहून मागवून ठेवा.

लोक स्टेरॉईड हा शब्द ऐकला की अंगावर येतात. किडनी जाईल, हाडं जातील, बंद कर, आमच्या ओळखीचा वैद्य आहे. त्यांना शांतपणे सांगायचं की दम्याला किंवा सांधेदुखीला जादा देतात ते वेगळं, हे शरीर स्वतः जेवढं बनवतं साधारण तेवढंच बाहेरून भरून देणं आहे. अचानक बंद केलं तर जीव जातो, हे पण सांगायचं, त्यात मऊपणा ठेवायचा नाही. काढ्याबद्दल पण एक, ज्येष्ठमध कॉर्टिसोलच्या कामात ढवळाढवळ करतं, बीपी वाढवतं आणि पोटॅशियम पाडतं, म्हणून रोजच्या काढ्यात नको.

शुगरचं थोडं विचित्र आहे. कॉर्टिसोल शुगर वर धरून ठेवतं, आमच्यात ते कमी, त्यामुळे इन्सुलिन घेतलं की शुगर एकदम पडू शकते, खास करून पहाटे, कारण तेव्हा संध्याकाळची गोळी संपलेली असते. मला घाम येऊन जाग आली की उशाशी साखरेची पुडी असतेच. आधी मधुमेह असलेल्या माणसाला अचानक कमी इन्सुलिन पुरायला लागलं आणि शुगर सारखी पडायला लागली तर ते ॲडिसनचं लक्षण असू शकतं. उलट आजारपणात स्टेरॉईड दुप्पट केलं की शुगर चढते, तेव्हा इन्सुलिन जास्त लागतं. इन्सुलिन ठेवायचा प्रश्न पण आमच्याकडे मोठा आहे, वापरातलं पेन ३० डिग्रीच्या खाली पाहिजे आणि मेमध्ये घरात चाळीस, वर लाईट गेलेली. मी ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या छोट्या मडक्यात बंद डबी ठेवते. न उघडलेलं फ्रिजमध्ये, पण फ्रीजरला चिकटून नको.

आता उलटीचा दिवस. ताप १०० च्या वर गेला की मला डॉक्टरांनी डोस दुप्पट सांगितलाय, १०२ च्या वर तिप्पट, ताप उतरला की परत नेहमीचा. पण उलट्या-जुलाब असतील, गोळी पोटात टिकत नसेल, चक्कर, बडबड, अंग गार, तर गोळीचा उपयोगच नाही. तेव्हा हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन मांडीत, तिथल्या तिथे, आणि मग दवाखाना, कारण सलाईन लागतंच. पावडरची छोटी बाटली असते, पाणी घालून हलवायचं. फार महाग नाही, घरी दोन ठेवा, सोबत सिरिंज आणि स्टराईल वॉटर, एक्स्पायरी बघत जा. तुमच्या डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून हात बसवून घ्या, तुम्ही पण आणि घरातलं अजून एक कोणीतरी, कारण तुम्ही शेतात असाल. आमच्याकडे नवरा, पुतण्या आणि सासूबाई तिघांना येतं. सासूबाई सातवी शिकलेल्या, पण एका श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, रोटाच्या दिवशी, घरात पन्नास माणसं आणि मी मोरीपाशी पडलेली, तर त्यांनीच दिलं, हात जरा पण हलला नाही. नंतर सगळ्या भाऊबंदांत सांगत होत्या की डॉक्टरपेक्षा मी पटकन टोचलं.

१०८ ला फोन इंजेक्शन दिल्यावर करा, आधी नाही. आणि दवाखान्यात गेल्यावर तिथला डॉक्टर लहान असेल, त्याने ॲडिसनचा पेशंट कधी बघितलेला नसेल, तो म्हणेल आधी रिपोर्ट येऊ द्या. एका ठिकाणी माझ्या बाबतीत असंच झालं, नवरा काउंटरला हात टेकवून उभा राहिला, म्हणाला साहेब रिपोर्ट घ्या पण इंजेक्शन आत्ता द्या. क्रायसिसमध्ये टेस्टसाठी थांबायचं नसतं. यासाठी एक कागद लॅमिनेट करून घ्या, मराठीत आणि इंग्रजीत, की पेशंटला ॲड्रिनल इन्सफिशियन्सी आहे, रोज स्टेरॉईडवर आहे, उलट्या किंवा शॉक असेल तर ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोन १०० आणि सलाईन, खाली तुमच्या डॉक्टरांचा सही-शिक्का. एक पर्समध्ये, एक फोनच्या कव्हरमागे. शिक्क्याला आपल्याकडे वजन आहे, तोंडी सांगण्याला नाही. दात काढायचा असेल, कुठलंही ऑपरेशन असेल तरी आधी हा कागद दाखवायचा, तेव्हा पण जादा डोस लागतो.

उपासाचं घरात एकदाच बोलून घ्या. हरितालिकेचा निर्जळी वगैरे बंद म्हणजे बंद. आमच्याकडे सासूबाईच म्हणाल्या की तुझा मी धरते, दोन दोन उपास कसे धरतात ते त्यांचं त्या आणि देव बघून घेतील.

मूल होऊ शकतं. आधी तिन्ही रिपोर्ट ताब्यात आणायचे, थायरॉईडचा डोस गरोदरपणात बहुतेक वाढतो, शेवटच्या तीन महिन्यांत हायड्रोकॉर्टिसोन वाढवतात, बाळंतपणाच्या वेळी इंजेक्शनवर ठेवतात. म्हणून गावातलं नर्सिंग होम नको, जिथे फिजिशियन आणि लहान मुलांचा आयसीयू दोन्ही आहे तिथे नाव घाला. एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका, या आजारात काही जणींची अंडाशयं पण लवकर थांबतात, पाळी लांबायला लागली तर वाट न बघता तपासा. मुलाला हा आजार होणारच असं नसतं, घरच्यांमध्ये शक्यता थोडी जास्त असते एवढंच. वर्षातून एकदा बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते त्या आजाराची, टेस्ट विचारा. माझी निगेटिव्ह आली तेव्हा मी त्या संध्याकाळी गव्हाच्या बट्ट्या केल्या.

थकवा पूर्ण जातो का, तर माझा नाही गेला. दुपारी तीनला मला खुर्चीतच डोळा लागतो आणि हेडसरांना ते माहीत आहे. पण डोस स्वतःहून वाढवत बसायचं नाही, सवयीने जास्त घेतलं तर वजन, बीपी, शुगर, हाडं सगळं मागे लागतं. बायको नुसती पडून असेल तर आळशी म्हणू नका आणि लगेच घाबरू पण नका, बीपी बसून आणि उभं राहून दोन्ही मोजा, उभं राहिल्यावर फार पडत असेल तर डॉक्टरला फोन.

गडाचं. यंदा गाडीने जा, डोस बसायला सहा-आठ महिने तरी द्या. पुढच्या चैत्रात डॉक्टर हो म्हणाले तर सगळी वाट नको, शेवटचा एखादा टप्पा, पहाटेचा, ऊन चढायच्या आत. लांब चालायच्या दिवशी जादा गोळी किती आणि कधी, इन्सुलिन किती कमी, हे आधी लिहून घ्यायचं. मीठ-साखरेचं पाणी, ग्लुकोमीटर, इंजेक्शनचा डबा तुमच्या खांद्यावर, तिच्या पिशवीत नाही, कारण चक्कर आलेल्या माणसाला चेन उघडता येत नाही. आणि दिंडीतल्या दोघा-तिघांना आदल्या रात्री डबा उघडून दाखवा.