साहेबांनी तोंडावर स्पष्ट बोललं तर कामाचं वातावरण बिघडतं का?

बोलण्यानं बिघडत नाही. कुणाला, कधी आणि कसं बोललं, त्यावर आहे सगळं. मी रावेरकडच्या एका केळी पॅकहाऊसमध्ये (जिथं केळी धुऊन पॅक करतात) सुपरवायझर आहे, तिथलंच सांगतो.

आमचे आधीचे मॅनेजर दिवसभर "काम नीट करा रे" एवढंच ओरडायचे. नीट म्हणजे काय, ते कुणालाच कळायचं नाही. नवे मॅनेजर आले, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. ते केळ्यांची फणी हातात घेऊन दाखवतात: "ताई, इथं सुरी लागली. आज दिसत नाही, पण पिकल्यावर हा डाग काळा पडेल." तेही बाजूला नेऊन, आणि त्याच दिवशी. (बोनसच्या वेळी सहा महिन्यांच्या चुका काढणारे साहेब तुम्हीही पाहिले असतील.)

पण खरा फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीनं. एकदा कोल्ड रूमचं तापमान १३ अंशांच्या बरंच खाली गेलं, सालीला थंडी बाधली, माल काळपटला. आम्ही सगळे खाली माना घालून उभे. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "रात्रीचं रीडिंग मी बघायला पाहिजे होतं. चूक माझी."

पुढच्याच आठवड्यात धुलाईवरच्या एका बाईनं स्वतःहून येऊन सांगितलं, "टाकीतलं पाणी सकाळपासून बदललं नाही, चीक तसाच चिकटतोय." आधी हे कुणी बोललंच नसतं. भाऊंनी तिथल्या तिथे लाइन थांबवली, अर्धा तास गेला. तिला कुणी एक शब्द बोललं नाही, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.