झेनिट-ई कॅमेऱ्यावर पट्ट्यासाठी कडीच नाही, मग नवा पट्टा कसा लावायचा?

वडिलांचा झेनिट-ई माळ्यावर सापडला, चामडी केसचा पट्टा एका बाजूनं रिव्हेटसकट निखळलाय, आणि नवा रुंद पट्टा मागवला तर तो अडकवायला बॉडीवर कडीच सापडेना, असं तुम्ही लिहिलंय. शोधत बसू नका, ती नाहीच. हा कॅमेरा १९६५पासून निघायला लागला, तीस लाखांच्या वर बनला, पण पट्टा अडकवायची सोय त्यांनी बॉडीवर दिलीच नाही. पट्टा केसचा आणि केस कॅमेऱ्याची. म्हणजे तुम्हाला दुरुस्त करायचीय ती केस.

कुणी तरी सांगेल की बॉडीला भोक पाडून कडी बसवा. अजिबात नको. ड्रिलचा धातूचा कीस शटरच्या कापडी पडद्यात गेला तर पट्टा राहील आणि कॅमेरा जाईल. दुसरा सल्ला येतो तो खालच्या ट्रायपॉडच्या भोकात स्क्रू बसवून त्याला पट्टा लावण्याचा. हलक्या कॅमेऱ्याला ठीक आहे. झेनिट हेलिऑस लेन्ससकट किलोभर भरतो, चालताना गोल फिरतो आणि स्क्रू हळूहळू सैल होत जातो. शिवाय जुन्या झेनिटचं ते भोक ३/८ इंचाचं असतं, नंतरच्यांचं १/४ इंचाचं. बाजारात मिळतो तो बहुतेक १/४चा. मोठ्या भोकात तो नुसता डुगडुगतो.

माझ्याकडचा झेनिट काकांचा. पट्टा पहिल्यांदा तुटला तेव्हा मी एका बॅगवाल्याकडून मशीनवर शिवून घेतला. काम पाच मिनिटांत झालं, दिसायलाही झकास. त्या वर्षी आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक टिपायला गेलो. पांढऱ्या बाराबंद्यांची गर्दी, मागून रेटा, आणि खांद्यावरचं ओझं एकदम नाहीसं झालं. कॅमेरा दगडावर पडला तो नेमका लेन्सच्या तोंडावर. काच वाचली, पण पुढचं रिंगण चेपलं आणि ४९ मिमीचा फिल्टर आजतागायत बसत नाही.

मग तो पट्टा घेऊन नवी पेठेजवळ बसणाऱ्या, चामड्याचं काम करणाऱ्या एका मामांकडे गेलो. त्यांनी उसवलेला धागा बोटानं ओढून दाखवला, सरसर निघत आला. "मशीनचा टाका असाच असतंय बघा. एक तुटला की बाकीचे सोडतात. हातानं दोन सुयांनी घातला तर एक तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो." मग आरीनं एकेक भोक पाडत, मेण लावलेला जाड दोरा दोन्हीकडून ओवत अर्धा तास बसले. मी शेजारच्या स्टुलावर चहा घेत बघत बसलो होतो. दर टाक्याला दोन्ही हात बाहेरच्या बाजूला ताणायचे आणि मगच पुढची आरी.

तुम्हीही असंच कुणी तरी गाठा. जाण्याआधी घरी एक बघून घ्या : केसचं चामडं बोटानं घासलं की तांबूस भुकटी निघते का? निघत असेल तर चामडं आतून मेलंय. त्याला तेल पाजून काही होत नाही, टाका धरणारच नाही. अशा वेळी जुनी केस नमुना म्हणून द्या आणि तळाचा अर्धा भाग नव्या, तीनेक मिलीमीटर जाडीच्या चामड्यात करून घ्या. रिव्हेटभोवती हिरवं मेणासारखं काही साचलं असेल तर घाबरू नका, ते तांब्या-पितळेवर चामड्यातल्या तेलाचं होतं. टूथपिकनं काढा. खोबरेल मात्र लावू नका, आपल्याकडे सगळ्यावर तोच उपाय असतो.

चामडं शाबूत असेल तर कारागिराला एवढंच सांगा. केसच्या दोन्ही अंगांना चामड्याचा एकेक फासा, त्यात डी-रिंग (D आकाराची कडी), फासा हातानं शिवलेला आणि वर भरीव रिव्हेट. पोकळ रिव्हेट स्वस्त असतं, पण ताणाला उघडतं. आणि हे सांगायला विसरू नका, मी विसरलो होतो : रिव्हेटचं आतलं डोकं पातळ चामड्यानं झाका. नाही तर ते बॉडीला रोज ओरखडत राहतं. माझ्या झेनिटच्या डाव्या बाजूला त्याची निशाणी आहे.

तुमचा तो मागवलेला पट्टा मग डी-रिंगमध्ये थेट ओवा. मध्ये बॅगेचे हुक घालू नका. ते ओतीव असतात आणि कधी तुटतील ते कळत नाही. मूळ पट्टा जपायचा असेल तर त्याला खांद्याच्या जागी आतून टॉवेलची पट्टी शिवा. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! मे महिन्यात घामानं चामड्याचा रंग शर्टावर उतरतो, तोही थांबतो.

रोल बदलताना मागचं झाकण उघडायला केसचा स्क्रू सोडावा लागतो, ही कटकट राहणारच. केसची पुढची टोपी सुटी होत असेल तर काढून घरी ठेवा, फोटो काढताना ती नुसती लोंबत राहते. पावसाळ्यात कॅमेरा केसमध्ये घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि लेन्सला बुरशी लागते.

काम झाल्यावर लगेच कॅमेरा लटकवू नका. रिकाम्या केसला पिशवी बांधून त्यात तीन किलो ज्वारी भरा आणि पट्टा रात्रभर खुंटीला टांगून ठेवा. माझी केस सकाळी जागेवरच होती, टाके जसेच्या तसे. फक्त एका बाजूचं बक्कल बोटभर सरकलं होतं, म्हणून पट्ट्याचं टोक त्यातून आणखी एकदा उलटं ओवून घेतलं.