सुरवंटाचा क्लोजअप काढायचाय? डोक्यापासून सुरू कर

अख्खा सुरवंट फ्रेममध्ये बसवायचा नाद आधी सोड. १:१ ला गेलास (म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा उमटतो) की एफ/११ एवढं बारीक छिद्र (अ‍ॅपर्चर) ठेवूनसुद्धा फोकस जेमतेम मिलिमीटरभर मिळतो, मग एका वेळी एकच अवयव नीट येणार.

डोकं सगळ्यात भारी. नवीन लोक वरच्या दोन मोठ्या गोल भागांना डोळे समजून तिथेच फोकस मारतात, पण ते नुसतं डोक्याचं कवच असतं, खरे डोळे खाली जबड्याच्या बाजूला, दोन्हीकडे बहुतेक सहा-सहा बारीक चकचकीत ठिपके, फोकस तिथे धर. कवच चमकतं म्हणून फ्लॅशला मोठा डिफ्यूजर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) लावच, नाहीतर पांढरा डाग येतो आणि सगळं टेक्स्चर जातं.

पुढचे तीन जोड खरे पाय, ते टोकदार. मागचे मांसल पाय देठाला धरतात तेव्हा अगदी बाजूने बघ, तळव्याला बारीक आकडे असतात, ते दिसले की फोटो जमला! मांसल पाय पाच जोड्यांपेक्षा जास्त दिसले तर तो बहुतेक फुलपाखराचा किंवा पतंगाचा सुरवंट नसून सॉफ्लायची (गांधीलमाशीच्या नात्यातला कीटक) अळी असणार.

अंगावरची श्वासाची छिद्रं एका ओळीत असतात, कॅमेऱ्याचा सेन्सर (म्हणजे कॅमेऱ्याची मागची बाजू) अंगाला समांतर ठेवलास तर बरीचशी शार्प येतील.

केसाळ असेल तर हात लावू नको, काहींच्या केसांनी जाम खाज सुटते. आणि कधी एखादा बराच वेळ हलतच नसेल, डोक्यामागे फुगल्यासारखा दिसत असेल, तर तो कात टाकायच्या बेतात असतो, त्याला पानावरून अजिबात काढू नकोस, फोटो राहिला तरी चालेल.