पाठीतली नळी

प्रश्न : आईला (वय ६२) मणक्याचा टीबी निघाला. कमरेशी पू साठलाय. मोठं ऑपरेशन टळेल का?
– एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : बरेचदा टळतं. सीटी स्कॅनवर बघत पाठीतून बारीक नळी आत सरकवतात. भूल तेवढ्या जागेपुरतीच. पू पिशवीत उतरत राहतो. त्यातलाच थोडा सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची झटपट तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघणं) पाठवला का, हे नक्की विचारा. औषधाला दाद न देणारा टीबी तिथेच पकडला जातो. मणका ढासळत असेल, तर दोनेक सेंटिमीटरच्या छेदांतून स्क्रू बसवता येतात. गोळ्या मात्र किमान वर्षभर. पाठीला आधार देणाऱ्या पट्ट्याचं म्हणाल, तर माझ्या एक पेशंट काकू मे महिन्यात कूलरसमोर बसूनही तो काढून ठेवायच्या! पाय लुळे वाटले किंवा लघवी अडली, तर त्याच रात्री दवाखाना गाठा.